जंतूंचेही शत्रू असतात

गेल्या आषाढात आमच्या इयत्ता नववीतील एक विद्यार्थी पाच आठवडे शाळेत आला नाही. भातलावणीच्या दिवसांत खाचरात चिखलणी चालू असता गाळात रुतलेली काच त्याच्या पायात शिरली. काच निघाली, जखम बांधली गेली, आणि घरच्यांनी पूर्वीच्या एका दुखण्यातील उरलेल्या गोळ्या त्यास दोन दिवस दिल्या. ठणका कमी झाला, तशा गोळ्या बंद झाल्या. आठ दिवसांनी पाय सुजला व जखमेने पू धरला. पुन्हा दुकानातून दुसऱ्या गोळ्या आल्या. त्याही तीनच दिवस चालल्या. अखेर मुलास पुण्यास न्यावे लागले. तेथे पुवाची तपासणी होऊन जो कागद हाती आला, त्यावर अकरा औषधांची नावे एकाखाली एक छापलेली होती आणि त्यांपैकी आठांपुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर होते. ‘आर’ याचा अर्थ, हे औषध या जंतूवर चालत नाही. उरलेल्या तिहींपैकी एकाने मुलाचा पाय वाचला, ही देवाची कृपा. तो कागद घेऊन मुलाचे वडील मजकडे आले व म्हणाले, “गुरुजी, औषधालाही जंतू दाद देईनासे झाले, तर पुढे माणसाने करायचे काय?”

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला तत्काळ देता आले नाही. त्या सद्गृहस्थांस तेव्हा जे सांगावयाचे राहिले, ते आज या वार्षिकाच्या द्वारे त्यांस, इतर पालकांस व माझ्या विद्यार्थिमित्रांस सांगण्याचा विचार आहे.

प्रथम औषध निकामी कसे होते ते पाहू. जखमेत कोट्यवधी जंतू असतात, पण ते सर्व सारख्या ताकदीचे नसतात. औषधाचा मारा सुरू झाला म्हणजे दुबळे आधी मरतात. एखाद्या अंगच्या गुणामुळे तग धरणारे थोडे मागे राहतात. आता स्पर्धा उरली नाही, असे पाहून तेच वाढू लागतात. शेतातील वरवरचे तण उपटून खोल मुळांचे तेवढे ठेवावे, म्हणजे पुढल्या पावसात सारे शेत खोल मुळांच्या तणाने भरते, तशातलाच हा प्रकार. शिवाय हा गुण एक जंतू दुसऱ्यास देऊही शकतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लावला आणि १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनीच सर्वांस बजावले, की अपुऱ्या मात्रेने हे औषध घेतल्यास जंतू त्याला सरावतील. त्यांचे म्हणणे खरे ठरले. २०१९ या एका वर्षात औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळे साऱ्या जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मग या जंतूंना कोणी शत्रूच नाही काय? आहे, आणि तो मनुष्याच्या आधीपासून या पृथ्वीवर आहे. जंतूंना खाणाऱ्या विषाणूंची एक फार मोठी जात सृष्टीत आहे. तिला बॅक्टेरिओफेज म्हणतात. ‘फेज’ या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा अर्थ खाणे असा आहे. म्हणून आपण तिला जंतुभक्षक म्हणू. आपल्या मुळा नदीचे, धरणाचे अथवा ओढ्याचे पाणी चमचाभर घेतले, तर त्यात लक्षावधी, कित्येकदा कोट्यवधी जंतुभक्षक असू शकतात. शेतातल्या मातीत, शेणात, गटारात, आपल्या आतड्यांतही ते आहेत. जेथे जंतू, तेथे त्यांचा भक्षक, असा नियमच म्हणा ना!

हे विषाणू किती लहान? आपल्या आतड्यांत राहणाऱ्या एका सामान्य जंतूची लांबी इतकी की असे पाचशे जंतू एका रांगेत ठेवावे तेव्हा एक मिलिमीटर भरतो. त्या जंतूस खाणारा भक्षक असा की त्याच एका मिलिमीटरात पाच हजार बसतील. त्याची आकृती मोठी मौजेची आहे. वर पैलू पाडलेल्या रत्नासारखे डोके, खाली नळीसारखी शेपटी, आणि शेपटीच्या टोकाशी कोळ्याच्या पायांसारखे बारीक तंतू. सर्वच जंतुभक्षक या आकाराचे नसतात. तथापि पुष्कळांची ठेवण अशी असते. त्यास हालचाल करण्याचे बळ नाही. पाण्याबरोबर वाहता वाहता योग्य जंतूशी गाठ पडली, की ते पाय जंतूच्या अंगावर रुततात आणि डोक्यात साठविलेला वंशद्रव्याचा धागा नळीतून जंतूच्या पोटात सोडला जातो. मग नवल घडते. जंतू आपले स्वतःचे काम विसरून त्या परक्याच्याच प्रती तयार करू लागतो. अर्ध्या-पाऊण तासात शंभरांहून अधिक नवे भक्षक तयार होतात, जंतूचे कवच फुटते आणि ते सारे बाहेर पडून दुसऱ्या जंतूंच्या मागे लागतात. खाण्याला जंतू उरले नाहीत, म्हणजे भक्षकांची वाढ आपोआप थांबते.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. प्रत्येक भक्षकाचे भक्ष्य ठरलेले असते. कुलपाला जशी त्याचीच किल्ली लागते, तसे त्याचे पाय ठराविक जंतूच्या ठराविक खुणेवरच बसतात. पटकीच्या जंतूचा भक्षक विषमज्वराच्या जंतूकडे ढुंकूनही पाहत नाही. मनुष्याच्या पेशींवर तर त्या खुणाच नाहीत. म्हणून तो आपल्या पेशींत वाढू शकत नाही. या एकाच गुणात त्याचे सामर्थ्य आहे आणि त्याची अडचणही आहे. पुढील सारा इतिहास या एका गोष्टीने उलगडतो.

हा इतिहास आपल्या देशाशी फार निगडित आहे. १८९६ साली आग्रा येथील सरकारी रसायनपरीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी प्रसिद्ध केले, की गंगा व यमुना यांच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू घातले असता काही तासांतच मरतात. तेच पाणी उकळले तर हा गुण जातो. त्यांनी पाहिला तो प्रताप जंतुभक्षकांचाच होता की काय, याविषयी आज विद्वानांत एकमत नाही. परंतु प्रश्न उपस्थित झाला तो येथे, यात संशय नाही. पुढे १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांस जंतूंच्या थरांवर काचेसारखे पारदर्शक झालेले डाग दिसले. १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल हे रक्ती हगवणीने आजारी पडलेल्या सैनिकांचा मळ तपासत होते. त्यांनी तो पाण्यात कालवून इतक्या बारीक गाळणीतून गाळला की जंतू वर राहावेत. आणि ते निवळ पाणी हगवणीच्या जंतूंवर घातले. थाळीवर सायीसारखा जंतूंचा दाट थर वाढला होता, त्यात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ वर्तुळे पडली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एका भक्षकाच्या संततीने साफ केलेले मैदान! बॅक्टेरिओफेज हे नाव त्यांनीच दिले. १९१९ साली पॅरिसच्या एका बालरुग्णालयात हगवणीने अत्यवस्थ झालेल्या मुलास त्यांनी हे औषध दिले. पण त्याआधी ते स्वतः व तेथील शिकाऊ डॉक्टर यांनी ते पिऊन पाहिले होते. मुलगा बरा झाला.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १८९६ साली मुंबईत व पुढल्या वर्षी पुण्यात गाठीच्या तापाने, म्हणजे प्लेगने, जो हाहाकार उडविला त्याच्या कथा काही घरांत वडिलोपार्जित चालत आल्या असतील. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांस तोच रोग जडला व १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली, आणि १९२५ पासून तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

त्याच १९२५ साली देरेल यांनी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे प्लेगच्या चार रोग्यांस त्यांच्या गाठींत जंतुभक्षक टोचून बरे केले. ही वार्ता सर्वत्र पसरली. १९२७ साली देरेल हिंदुस्थानात आले आणि मॅलोन व लाहिरी या सहकाऱ्यांसह पंजाबात त्यांनी पटकीच्या रोग्यांवर हा उपाय करून पाहिला. औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा साठांहून अधिक मरण पावले. मिळालेल्यांपैकी शेकडा दहांहून कमी. आसामात मॉरिसन यांच्या देखरेखीखाली गावोगाव हे औषध वाटण्यात आले. इकडे परळच्या हाफकिन संस्थेत नायडू व आवारी यांनी प्लेगवर जंतुभक्षकांचा उपयोग करून पाहिला व १९३२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

इतके असता हा उपाय मागे का पडला? पहिले कारण असे, की हे प्रयोग आजच्या कसोटीस पूर्णपणे उतरत नाहीत. औषध कोणास द्यावे व कोणास न द्यावे हे आजच्याप्रमाणे जणू चिठ्ठ्या टाकून ठरविले जात नसे. त्यामुळे गुण औषधाचा की निवडीचा, हे सांगणे कठीण. दुसरे कारण, प्रत्येक रोग्याच्या जंतूशी भक्षकाची जोडी जुळते की नाही हे पाहण्याची दक्षता पुष्कळ ठिकाणी घेतली गेली नाही. चुकीची किल्ली कितीही फिरविली तरी कुलूप उघडावे कसे? तिसरे, औषध शुद्ध करण्याची साधने तोकडी होती, आणि भक्षक प्रत्यक्ष कसा दिसतो हेही १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. इतक्यात रासायनिक औषधे आली. हाफकिन संस्थेतच साहिबसिंग सोखी, वागळे आदी संशोधकांनी प्लेगवर सल्फा औषधांचा गुण दाखवून दिला. मागोमाग पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन आली. एक गोळी अनेक जंतूंवर चालते म्हटल्यावर जोडी जुळवीत बसण्याचे श्रम कोण घेणार? बहुतेक जग जंतुभक्षकांस विसरले.

सर्वच देश मात्र विसरले नाहीत. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात त्बिलिसी या शहरी गिओर्गी एलियावा यांनी १९२३ साली संस्था स्थापिली होती. देरेल यांनीही तेथे काही काळ काम केले. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीत एलियावा यांस ठार मारण्यात आले, पण त्यांची संस्था टिकली. तेथे आजही जंतुभक्षकांनी रोग्यांवर उपचार होतात, आणि इतर देशांत निराश झालेले रोगी तेथे जातात.

गेल्या काही वर्षांत इतरत्रही या उपायाकडे पुन्हा दृष्टी वळली आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील प्राध्यापक टॉम पॅटरसन हे २०१५ साली इजिप्तच्या प्रवासात आजारी पडले. त्यांच्या अंगात शिरलेल्या जंतूवर कोणतेही औषध चालेना. त्यांच्या पत्नी स्टेफनी स्ट्रॅथडी या स्वतः साथींच्या रोगांच्या अभ्यासक. त्यांनी देशभरच्या शास्त्रज्ञांस पत्रे घातली, त्या जंतूशी जुळणारे भक्षक शोधविले, आणि २०१६ च्या मार्चमध्ये ते रोग्याच्या शिरेत देण्यात आले. कित्येक दिवस बेशुद्ध असलेले गृहस्थ शुद्धीवर आले व पुढे घरी गेले.

याहून उद्बोधक गोष्ट कनेक्टिकट राज्यातील एका तळ्याची आहे. त्या तळ्याच्या पाण्यात येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांस एक भक्षक सापडला. काही जंतू अंगात आलेले औषध बाहेर फेकणारा एक पंप बाळगून असतात. हा भक्षक नेमका त्याच पंपाला चिकटतो. आता जंतूपुढे पेच पडतो. पंप ठेवावा तर भक्षक मारतो; पंप टाकावा तर जुने औषध मारते! शस्त्रक्रियेनंतर हृदयानजीकच्या कृत्रिम नळीत असाच जंतू ठाण मांडून बसलेल्या एका डॉक्टरांस २०१६ साली भक्षक व औषध दोन्ही मिळून दिली आणि त्यांचा जुना संसर्ग गेला. माझ्याकडे आलेल्या त्या कागदावरील ‘आर’ अक्षर पुसण्याची आशा जर कोठे असेल, तर ती अशा जोडउपायात आहे.

आपल्या देशातही वाराणसीस बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक गोपाल नाथ व त्यांचे सहकारी न भरणाऱ्या जुनाट जखमांवर जंतुभक्षक लावून पाहत आहेत. सुमारे वीस रोग्यांवरील त्यांचा एक अनुभव २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येकांच्या जखमा भरून आल्या. संख्या लहान आहे, म्हणून निर्णयही जपूनच करावयाचा.

विद्यार्थ्यांनो, आता खास तुमच्यासाठी एक गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरी २०१० साली विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासक्रमात कुजक्या वांग्याला लागलेल्या मातीतून एक भक्षक वेगळा करण्यात आला व तो अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे प्राध्यापक ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहात ठेवला गेला. आठ वर्षांनी लंडनमधील पंधरा वर्षांच्या एका मुलीस, फुप्फुसे बदलल्यानंतर, क्षयाच्या जंतूच्या जातभाईने ग्रासले. कोणतेही औषध लागू पडेना. तेव्हा जे तीन भक्षक तिच्या कामी आले, त्यांतील एक त्या कुजक्या वांग्यावरचा! तिच्या जखमा भरू लागल्या, ती घरी गेली. संसर्ग मुळासकट गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि वर्गातील अभ्यास म्हणून केलेले मन लावून काम सात समुद्रांपलीकडे कोणाच्या आयुष्यात दिवस जोडील, हे ते करताना कोणास ठाऊक होते?

अपयशाची बाजूही लपवू नये. फ्रान्स व बेल्जियममध्ये भाजलेल्या रोग्यांच्या जखमांवर जंतुभक्षकांची रीतसर परीक्षा झाली. २०१९ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा नेहमीचे मलमच अधिक लवकर गुण देते, असे दिसले; कारण तयार करून ठेवलेल्या औषधातील भक्षकांची संख्या रोग्यापर्यंत पोहोचेतो फारच घटली होती. शिवाय जंतू भक्षकांसही सरावू शकतात. म्हणून दोन-तीन निरनिराळे भक्षक एकत्र द्यावे लागतात. आजमितीस आपल्या देशात हे औषध म्हणजे दुकानात जाऊन मागावे अशी रूढ वस्तू नव्हे. आणि नदीच्या पाण्यात जंतुभक्षक आहेत म्हणून नदीचे पाणी औषध होत नाही. त्यातच पटकी, विषमज्वर व कावीळ यांची बीजेही असतात. पाणी उकळूनच प्यावे.

कर्करोगावर यांचा उपयोग होतो काय, असे कित्येक विचारतात. येथे शब्दांचा घोटाळा होऊ देऊ नये. कर्करोगाच्या पेशी या आपल्याच शरीराच्या बिघडलेल्या पेशी होत. त्यांवर जंतुभक्षकाच्या पायांस धरावयाची खूण नसते. त्यामुळे तो त्यांस सरळ मारू शकत नाही. तथापि आडवाटेने त्याचे साहाय्य होते. पहिली वाट अशी: मोठ्या आतड्याच्या काही गाठींत फ्युझोबॅक्टेरियम नावाचा जंतू राहतो व गाठीस साह्य करतो, भक्षकाने त्या जंतूस मारून औषधाचा मार्ग मोकळा करावा, असे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत. दुसरी वाट अधिक पुढे गेली आहे. भक्षकाच्या अंगावर निरनिराळी प्रथिने उगवून त्यांतून हवे ते निवडण्याची युक्ती जॉर्ज स्मिथ यांनी काढली व ग्रेगरी विंटर यांनी तिच्यापासून औषधे घडविली. त्यांस २०१८ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. संधिवातावरील एक प्रख्यात औषध, तसेच कर्करोगावरील काही औषधे याच युक्तीने निघाली आहेत. तिसरी गोष्ट खरोखर वेगळ्या कुळाची. ओठांवर फोड आणणाऱ्या नागिणीच्या जातीच्या एका विषाणूत फेरफार करून तो त्वचेच्या एका कर्करोगात गाठीत टोचतात. अमेरिकेत त्यास २०१५ साली मान्यता मिळाली. हा विषाणू जंतुभक्षक नव्हे. म्हणून कोणी ‘जंतुभक्षकाने कर्करोग बरा करतो’ असे सांगून पैसे मागू लागला, तर पालकांनी सावध राहावे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. पुढे काय करायचे? जंतुभक्षक हा एक आशेचा दिवा आहे. त्याच्या भरवशावर आजचे घर मात्र उघडे टाकू नये. एका रोग्याकरिता भक्षक शोधावयास कित्येक तज्ज्ञ व कित्येक आठवडे लागतात. आपल्या खेड्यातील प्रत्येक काच लागलेल्या पायासाठी ते कोठून आणावेत? हाती असलेली औषधे राखणे, हेच तूर्त आपले कर्तव्य. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंचे असते. त्यावर जंतुनाशक गोळ्या मागू नयेत. वैद्यांच्या सांगण्यावाचून त्या घेऊ नयेत. त्यांनी सांगितले तितके दिवस घ्याव्या. उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये, दुसऱ्याची आपण घेऊ नये. जखम झाल्याबरोबर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, आणि लसी वेळेवर टोचून घ्याव्या.

तो विद्यार्थी आता बरा आहे; किंचित लंगडतो, पण यंदा पुन्हा लावणीस उतरला होता, पायांत रबरी बूट घालून. विज्ञानाच्या तासास त्याने मजपाशी विचारले, “सर, आपल्या खाचरातही ते भक्षक असतील का?” मी म्हणालो, “असतीलच. शोधणारा मात्र अजून व्हावयाचा आहे.” तो शोधणारा याच शाळेतून निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.